बावीसपैकी दहा क्रेडिट तुझ्या हातात

करवीर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारीने यंदा कोल्हापुरातल्या एका कॉलेजात बीएस्सी डेटा सायन्सला प्रवेश घेतलाय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बारावी सायन्स, गणितात १०० पैकी ५८. वडील गावच्या दूध संस्थेचे सचिव. रोज एसटीने येऊन-जाऊन शिकायचं आहे आणि पहिल्या सेमिस्टरचे विषय आठवड्याभरात कळवायचे आहेत. एकूण २२ क्रेडिट (विषयाला किती तास द्यायचे त्याचं माप). त्यातले पायथन प्रोग्रॅमिंग (४), इंग्रजी (२), मूल्यशिक्षण (२), भारतीय ज्ञानप्रणाली (२) आणि एनएसएस किंवा खेळ (२) हे ठरलेलेच. राहिलेले १० तिने निवडायचे: मायनर म्हणजे मुख्य विषयाबरोबरचा जोडविषय (४), ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ओईचे दोन पेपर (२ + २) आणि एक स्किल कोर्स (२). मायनरला संख्याशास्त्र, गणित, इलेक्ट्रॉनिक्स किंवा व्यवस्थापन असे पर्याय आहेत. सीनियर सांगतात, “ज्यात मार्क पडतात तीच ओई घे.” मामांचं म्हणणं, मायनरला व्यवस्थापन घे, ते सोपं जातं, वाचलेल्या वेळात राजारामपुरीतल्या क्लासला मशीन लर्निंग (आकड्यांवरून अंदाज करायला संगणकाला शिकवणं) कर, ६०,००० फी मी भरतो. ती विचारते: “गणित कच्चं असताना संख्याशास्त्र घेऊन पाय खोलात घालू का? आणि पहिल्या वर्षाला मशीन लर्निंगच नाही, तर मी मागे नाही का पडणार?”

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात ओईबद्दल दीड पान आहे आणि मायनरबद्दल चार ओळी. काळजीची ही वाटणीच आधी उलटी करू या. ओईचा पेपर डिसेंबरात संपला की संपला, पुढच्या सेमिस्टरला दुसरा घेता येतो. मायनर मात्र पुढची वर्षं तुझ्याबरोबर चालतो, मार्कलिस्टवर नावासकट छापून येतो आणि मध्येच बदलायचा म्हटलं तर मागचे क्रेडिट भरून काढण्याची पळापळ होते. आठवड्यातले सहा दिवस विचार करायचाच असेल तर पाच मायनरला दे.

“मार्क पडतात” या सल्ल्याचा एकदा हिशेबच मांडू. दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८. समज, अवघड ओईत तुला ए मिळाला असता आणि सोप्या ओईत ओ मिळाला. फरक दोन गुणांचा, पेपर दोन क्रेडिटचा, म्हणजे चार. त्याला २२ ने भाग. सेमिस्टरच्या एसजीपीएत, म्हणजे श्रेणीगुणांच्या सरासरीत, वाढ झाली ०.१८. तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची धरली तर सगळ्या सेमिस्टरच्या मिळून सरासरीत, म्हणजे सीजीपीएत, ०.०३. एवढ्यासाठी सीनियरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्र जागवण्यात अर्थ नाही. हेच दोन गुण चार क्रेडिटच्या पायथनमध्ये वाढवलेस तर फायदा सरळ दुप्पट, शिवाय पायथन पुढे रोज लागणार.

दुसरा हिशेब घड्याळाचा, आणि तो विषय निवडताना कुणी सांगत नाही. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये १५ तास आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. पंधरा आठवड्यांत बसवलं की दोन क्रेडिटच्या थिअरीला आठवड्याला दोन तास लागतात, दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला चार. कागदावर दोन्ही “२ क्रेडिट” म्हणूनच दिसतात. तुझा आठवडा असा निघतो: पायथनचे सहा तास (दोन थिअरी, चार लॅब), इंग्रजी, मूल्यशिक्षण आणि ज्ञानप्रणालीचे मिळून सहा, एनएसएसचे साधारण चार, प्रॅक्टिकल असलेल्या मायनरचे सहा, ओईचे चार, स्किल कोर्सचे चार. झाले तीस तास, आणि त्यात एसटीचा वेळ धरलेलाच नाही. म्हणून दोन्ही ओई शुद्ध थिअरीच्या घे. “सोपी आहे” म्हणून प्रॅक्टिकलची ओई घेणाऱ्यांचा आठवडा दोन तासांनी फुगतो. विषय कळवण्याआधी लॅबची बॅच कोणत्या वेळेची आहे तेही ऑफिसात विचारून घे. साडेपाचला सुटणारी बॅच आणि रंकाळा स्टँडवरची तुझी गाडी यांचं जमत नसेल तर सकाळच्या बॅचसाठी अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यावा लागतो. नंतर बॅच भरतात.

आता मायनर. माझं मत आधीच सांगते: संख्याशास्त्र. पण कारणं बघितल्याशिवाय मानू नकोस, कारण दुसऱ्या कॉलेजच्या तक्त्यात हेच उत्तर चुकू शकतं.

मशीन लर्निंग पहिल्या वर्षाला नाही याने तू मागे पडत नाहीस. आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस डेटा सायन्सचा अभ्यासक्रम त्यांच्या संकेतस्थळावर उघडाच आहे, तो बघ. पायाभूत टप्प्यात आठ विषय आहेत: गणित दोन, संख्याशास्त्र दोन, इंग्रजी दोन, कॉम्प्युटेशनल थिंकिंग आणि पायथन. मशीन लर्निंग त्यात नाही. ते पुढच्या डिप्लोमा टप्प्यात येतं. एमटेकच्या प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आहे. त्याच्या अभ्यासक्रमात संभाव्यता व संख्याशास्त्र, लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस, पायथनमधलं प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेस हे सगळं मशीन लर्निंगच्या शेजारी मानाने बसलेलं आहे. म्हणजे तुझं कॉलेज मागासलेलं आहे म्हणून मशीन लर्निंग नंतर ठेवलंय, असं नाही. त्याची जागाच तिथे आहे.

का, ते एका उदाहरणात दिसतं. १०० जनावरांत ५ आजारी आहेत. कुणी मॉडेल, म्हणजे अंदाज सांगणारा प्रोग्रॅम, केलं आणि ते प्रत्येक जनावराला “निरोगी” म्हणतं. त्याची अचूकता भरते ९५ टक्के, आणि आजारी जनावर एकही सापडत नाही. क्लासमध्ये फिट (मॉडेलला शिकवणं) आणि प्रेडिक्ट (अंदाज काढणं) या दोन आज्ञा तासाभरात शिकवतात. स्क्रीनवर ९५ आकडा आला की टाळ्याही पडतात. त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे संख्याशास्त्र शिकलेल्या माणसालाच विचारावं लागतं.

“गणित कच्चं” हे तू स्वतःबद्दल ठरवून टाकलंयस. बारावीच्या ५८ मार्कांत नेमके कोणते धडे गेले ते बघितलंस का? बहुतेकांचे मार्क इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशनमध्ये जातात. पहिल्या सेमिस्टरच्या संख्याशास्त्रात ते जवळजवळ येत नाहीत. तिथे येतं ते तू शिकलेलं आहे: दहावीतले मध्य, मध्यक, बहुलक, अकरावीतलं विचरणाचं परिमाण आणि संभाव्यता, बारावीतलं संभाव्यता वितरण आणि द्विपद वितरण. जुनी पुस्तकं रद्दीत गेली नसतील तर ही पाच-सहा प्रकरणं कॉलेज सुरू व्हायच्या आत पुन्हा सोडव. रोज दीड तास दिलास तर तीन आठवडे पुरतात. बारावीचं मॅट्रिक्सचं प्रकरणही त्यात घाल, दुसऱ्या सेमिस्टरला उपयोगी पडेल.

आणि हा विषय तुझ्या घरात रोज दोन वेळा येतो, सकाळच्या आणि संध्याकाळच्या संकलनाला. समज, तीन म्हशींचं दूध आलं: ८ लिटर ६.० फॅटचं, २ लिटर ८.० चं आणि ५ लिटर ७.० चं. फॅटची सरासरी किती? तीन आकडे मिळवून तीनने भागणारा म्हणेल ७.०. पण कॅनमध्ये दूध सारखं पडलेलं नाही. आठ गुणिले सहा ४८, दोन गुणिले आठ १६, पाच गुणिले सात ३५. बेरीज ९९, भागिले १५ लिटर, म्हणजे ६.६. संघाच्या टेस्टिंगला कॅन ६.६ लागतो आणि साधी सरासरी काढून बसलेल्याला वाटतं, वाटेत कुणीतरी फॅट मारली. वडिलांना हे तोंडपाठ असणार. त्यालाच पुस्तकात भारित सरासरी म्हणतात. एका म्हशीची फॅट महिनाभर ६.४ ते ६.६ मध्ये राहते, दुसरीची ५.५ ते ७.५ मध्ये हेलकावे खाते, दोघींची सरासरी मात्र ६.५. या फरकाला आकडा द्यायचा झाला की प्रमाण विचलन आलं. पहिल्या दोन महिन्यांचा निम्मा अभ्यासक्रम दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलावर करून बघता येतो. ज्याला हे घरचं आहे त्याने संख्याशास्त्राला भ्यावं, हे मला पटत नाही.

मग गणित का नको? वाईट म्हणून नाही. मशीन लर्निंगला लिनिअर अल्जिब्रा आणि कॅल्क्युलस लागतातच. पण तू पाठवलेल्या तक्त्यात दुसऱ्या सेमिस्टरच्या मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, ‘डेटा सायन्ससाठी गणित’ चार क्रेडिटला आहे, म्हणजे ते मायनर न घेताही मिळणार. संख्याशास्त्र मात्र मेजरमध्ये थेट तिसऱ्या सेमिस्टरला आणि तेही दोनच क्रेडिटचं. मेजर जे पोटभर देत नाही ते मायनरमधून घ्यावं. याच कारणाने, ज्यांच्या तक्त्यात संख्याशास्त्र पहिल्या वर्षीच चार-सहा क्रेडिटला आहे आणि गणित कुठेच नाही, त्या वाचकांनी गणित घ्यावं. त्यासाठी फक्त पहिल्या सेमिस्टरचा कागद पुरत नाही. सहाही सेमिस्टरचा तक्ता विभागातून मागून घ्या आणि कुठल्या विषयाला आधी काय लागतं ते पेन्सिलीने जोडून बघा.

संख्याशास्त्राचा आणखी एक फायदा पदवीच्या नावाशी जोडलेला आहे. यूपीएससी भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा घेते. तिला पदवीत संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो, किंवा त्यातली पदव्युत्तर पदवी. नुसतं ‘डेटा सायन्स’ लिहिलेल्या पदवीवरून तिथे प्रश्न उभा राहू शकतो. मार्कलिस्टवर संख्याशास्त्र नावाने असलं की निदान बोलायला जागा राहते. आज तुझ्या डोक्यात ती परीक्षा नसेलही. पण एम्एस्सीच्या प्रवेशालाही पदवीला कोणते विषय होते हे बघतात, तेव्हा दार उघडं ठेवायला काय जातं?

इलेक्ट्रॉनिक्स तुला आवडत असेल तर तो चांगला विषय आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत मशीनवर सेन्सर बसवून आकडे गोळा करणारी माणसं लागतात. फक्त एक अडचण तुझ्या गावाची आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना गेली की इशारा आणि ४३ ला धोका. पण पश्चिमेकडचे सखल रस्ते कधी कधी त्याच्याही आधी पाण्याखाली जातात, आणि तुझं पहिलं सेमिस्टर ऐन त्याच दिवसांत सुरू होतं. ब्रेडबोर्डवरचं, म्हणजे सर्किट जोडायच्या पाटीवरचं, प्रॅक्टिकल बुडालं की ते लॅबमध्ये येऊनच भरावं लागतं. संख्याशास्त्राचं प्रॅक्टिकल घरी कॅल्क्युलेटर आणि वहीवर होतं. रस्ता बंद झाल्यामुळे हजेरी बुडाली तर परत आल्याबरोबर वर्गशिक्षकांकडे लेखी अर्ज दे. ७५ टक्क्यांपेक्षा कमी हजेरीवाल्यांची यादी लागल्यावर दिलेल्या अर्जाला फारसं वजन उरत नाही.

व्यवस्थापनाबद्दल थोडक्यात: तो विषय पुस्तकं वाचून पुढे कधीही गाठता येतो. शिक्षक समोर असताना, चुका तपासून घेत जे शिकावं लागतं ते आता घे.

ओईकडे वळू. ती नियमाप्रमाणे दुसऱ्या विद्याशाखेतली असावी लागते, म्हणून यादीत तुला अर्थशास्त्र, भूगोल, मराठी, पर्यटन, योग असलं दिसतं. अनेकांना हा भुर्दंड वाटतो. मला तो या सगळ्या रचनेतला सगळ्यात हुशार भाग वाटतो, कारण आकडे नेहमी कुठल्यातरी विषयाचे असतात. तुझ्या यादीतून मी अर्थशास्त्राची तोंडओळख आणि हवामानाचा भूगोल निवडेन. अर्थशास्त्रात निर्देशांक, महागाईचा दर, मागणीची लवचीकता येते आणि हे सगळं नंतर संख्याशास्त्रात पुन्हा भेटतं. भूगोलातून पावसाचे आकडे कसे मोजतात ते कळेल. जूनपासून रोज बातमीत येणारी पंचगंगेची पातळी आणि राधानगरी धरणातला विसर्ग वहीत उतरवून ठेवलास तर सप्टेंबरपर्यंत तुझ्याकडे स्वतः गोळा केलेला डेटा असेल. भूगोल नको वाटला तर प्रसारमाध्यमांसाठी मराठी लेखन घे. विश्लेषण करता येतं पण दोन परिच्छेदांत सांगता येत नाही, ही या क्षेत्रातली नेहमीची रड आहे.

स्किल कोर्समध्ये वेब डिझाइन, पॉवर बीआय (आकड्यांचे आलेख-अहवाल करण्याचं सॉफ्टवेअर) आणि स्प्रेडशीट आहेत. स्प्रेडशीट घे. नाव साधं आहे म्हणून मुलं ते टाळतात आणि पॉवर बीआयला गर्दी करतात. पण पॉवर बीआयला जो तक्ता लागतो तो आधी नीट असावा लागतो, आणि तो नीट करायचं शिक्षण स्प्रेडशीटमध्येच मिळतं. लिटरच्या रकान्यात कुणी “८ लि.” असं लिहिलं की तो खाना मजकूर होतो. सम हे बेरजेचं सूत्र लावलं तर तो खाना बेरजेतून गुपचूप गळतो, चूक दाखवतही नाही. ५ जुलैसाठी 'दिवस आधी' पद्धतीने टाकलेलं ०५/०७, मशीनची सेटिंग अमेरिकन असेल तर, ७ मे होऊन बसतं. एकाच उत्पादकाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं की तीन माणसं तयार होतात. या तीन चुका ओळखायला, व्हीलुकअप (दुसऱ्या तक्त्यातून माहिती शोधून आणणं) आणि पिव्होट टेबल (गटवार सारांश) हाताला बसवायला ६० तासांचं प्रॅक्टिकल अगदी मापात आहे.

पायथन तुला निवडायचं नाही, तरी दोन शब्द, कारण पहिल्या सेमिस्टरला पोरं इथेच अडकतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मित्राचा प्रोग्रॅम उतरवून सही मिळते, पण परीक्षेत कागदावर लिहायची वेळ आली की हात थांबतो. प्रत्येक प्रोग्रॅम न बघता पुन्हा टाइप कर आणि मुद्दाम मोडून बघ. इनपुटने घेतलेला आकडा मजकूर असतो. ६.५ आणि ७.० मिळवायला सांगितलंस तर १३.५ न येता “६.५७.०” येईल, आधी मजकुराचा दशांश आकडा करणारा फ्लोट लावला नाहीस म्हणून. एकाच ब्लॉकच्या ओळींच्या सुरुवातीला टॅब आणि स्पेस मिसळल्या की प्रोग्रॅम पहिल्याच झटक्याला थांबतो. चूक दाखवणारा संदेश इंग्रजीत असतो म्हणून घाबरून खिडकी बंद करू नकोस. शेवटची ओळ वाच, मग ओळीचा क्रमांक. मराठी माध्यमाचा अडथळा इथे तुला वाटतो त्यापेक्षा लहान आहे. लागणारे इंग्रजी शब्द दीड-दोनशे असतील, तेच तेच परत येतात. वहीच्या मागच्या पानांवर ते अर्थासह लिहीत जा.

आता मामांचं काय करायचं? ते मनापासून पैसे देतायत, त्यांना तोंडावर नाही म्हणू नकोस. क्लासला चल म्हणून त्यांनाच बरोबर घे आणि समोरच्याला तीन प्रश्न विचार: अभ्यासक्रमात संभाव्यता किती तास, शिकवणारा स्वतः रोज किती तास वर्गात असतो, आणि मध्येच सोडलं तर फी परत मिळते का, लेखी. पहिल्याचं उत्तर “ते तुम्हाला कॉलेजात होतंच की” असं आलं तर काय समजायचं ते मामांनाही समजेल. तीस तासांच्या आठवड्यावर आणखी दहा तासांचा क्लास चढवला तर आधी बळी जातो तो घरच्या सरावाचा, आणि पायथन व संख्याशास्त्रात सराव हाच अभ्यास आहे. ऑनलाइन शिकायचंच असेल तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वरचे कोर्स मोफत बघता येतात. पण त्यांचे क्रेडिट पदवीत धरून हवे असतील तर विभागाची मान्यता आधी घ्यावी लागते. परीक्षा देऊन आल्यावर मागितलेली मान्यता मिळेलच असं नाही. पहिल्या सेमिस्टरला हा उद्योग नकोच.

मामांना खर्च करायचाच असेल तर लॅपटॉप. ८ जीबी रॅम चालते, १६ असेल तर छान, हार्ड डिस्कऐवजी मात्र एसएसडीच हवी. ग्राफिक्स कार्ड नको. गेमिंगचा लॅपटॉप “डेटा सायन्सला लागतो” म्हणून गळ्यात मारतील, तो जड असतो, बॅटरी लवकर संपते आणि तुला तो रोज एसटीत वाहायचा आहे. पुढे मोठी गणितं करायची वेळ आली तर गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये फुकट चालतं. पहिले दोन महिने कॉलेजच्या लॅबवर भागव, सगळ्यांचे लॅपटॉप बघ आणि मग दिवाळीत घे.

राहिलं कागदपत्रांचं. डिजिलॉकरवरून ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (मिळवलेले क्रेडिट जिथे जमा होतात त्या खात्याचा, आता ‘अपार’ म्हणतात तो) आयडी काढून घे. त्यात नाव आधार आणि दहावीच्या मार्कलिस्टवर आहे तसंच्या तसं असावं, नाहीतर क्रेडिट जमा होताना अडकतात. मायनर दोन आठवडे बसून बघ. अजिबात पटला नाही तर प्राचार्यांच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत बदलाचा अर्ज दे, पण कॉलेजची मुदत संपायच्या आत आणि परीक्षा फॉर्म भरायच्या आधी. फॉर्म भरताना विषयाच्या नावावर जाऊ नकोस, कोड जुळवून बघ. संख्याशास्त्राच्या वर्गात सेमिस्टरभर बसलेल्या मुलीच्या हॉल तिकिटावर गणिताचा कोड येणं ही दरवर्षीची गोष्ट आहे. तो दुरुस्त करायला विद्यापीठापर्यंत जावं लागतं, आणि तोवर पेपरची तारीख दारात आलेली असते. फॉर्मची प्रिंट आणि बदलाच्या अर्जाची पोच एका फाइलीत लावून घरी ठेव, कॉलेजच्या बॅगेत नको.